डाग की सावली

छत्रपती संभाजीनगर
१८ जानेवारी २०२६

आबा,

सप्रेम जयभीम.

तुम्ही माझा फोन कट करता. पत्र कट करता येत नाही. फार तर फाडता येतं, पण लिहिलेला कागद फाडणं तुमच्या जिवावर येतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. भजी बांधून आलेला कागदसुद्धा तुम्ही तेलासकट उलगडून वाचता. म्हणून दीड वर्षांनी हे पत्र.

सोबत पेपरातलं कात्रण आहे. तिसरं पान, चौकटीत, फोटोसकट. डावीकडे मी, उजवीकडे आमचे श्रीनिवास पाठक सर. इथल्या खगोल अभ्यास केंद्रात मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करते. मथळा मोठ्या अक्षरांत आहे, चष्मा लागणार नाही: ‘फर्दापूरच्या कन्येने शोधला जन्म घेणारा ग्रह’. खाली तुमचंही नाव आहे. ‘अजिंठा लेण्यांत अनेक वर्षे सेवा केलेले कडुबा हिवराळे यांची ही मुलगी’ असं छापलंय. सेवा कसली, ते पेपरवाल्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की लेण्याच्या दारात, ऊन पडतं तिथं चकचकीत पत्रा धरून आतल्या भिंतीवर उजेड टाकायचं काम. आत दिवे आले आणि ते काम गेलं.

तलाठ्याच्या नेमणुकीचं पत्र माझ्या हातात होतं. तुम्ही अर्ध्या फर्दापूरला पेढे वाटले होते. मी हजर झाले नाही, मुदत गेली, आणि तुम्ही दारात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणालात, “सरकारी खुर्ची लाथाडली हिनं. आता या उंबऱ्याला पाय लावायचा नाय.” मीही लावला नाही. हट्ट घरचाच आहे, बाहेरून आणलेला नाही. मला पश्चात्ताप झाला असेल असं कुणी सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नका. तलाठी कुणाची जमीन कुणाच्या नावावर आहे ते लिहितो. जिथं अजून जमीनच झालेली नाही तिथं ती होताना मी बघते. मला हेच काम हवं होतं, तेव्हाही आणि आजही.

ते काम काय ते नीट सांगते, कारण पेपरवाल्याला ते कळलेलं नाही. आकाशात काही जागा अशा आहेत की तिथं चांदण्याच दिसत नाहीत, भोक पडल्यासारखं काळं दिसतं. पूर्वीच्या लोकांना वाटायचं, तिथं काही नाही. तिथं थंड वायूचे आणि बारीक धुळीचे ढग आहेत, इतके दाट की मागचा उजेड पुढं येत नाही. त्या ढगांच्या पोटात नवे तारे जन्माला येतात. तारा नवा असला की त्याच्याभोवती धुळीची एक चकती फिरत राहते, भाकरीसारखी चपटी. त्या धुळीचे कण एकमेकांना चिकटत जातात. कणांचे खडे, खड्यांचे धोंडे आणि लाखो वर्षांनी धोंड्यांचे ग्रह. आपली पृथ्वीही अशीच झाली. आपल्या डोळ्यांना दिसतो तो उजेड त्या ढगातून फारसा बाहेर पडत नाही, पण डोळ्यांना न दिसणारा दुसरा एक उजेड पडतो. तो टिपणाऱ्या दुर्बिणी परदेशात उंच डोंगरांवर आहेत. त्यांनी काढलेली चित्रं आम्हाला इथं बसून मिळतात.

माझ्या ताऱ्याला नाव नाही, नुसता नंबर आहे. त्याचा उजेड साडेचारशे वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा हे शहर वसलंही नव्हतं. त्याच्या चकतीत एका बाजूला मला काळी कमान दिसली. सर म्हणाले, ही ग्रहानं खाल्लेली जागा. चकतीत फिरता फिरता वाटेतली धूळ गोळा करत तो मोठा होतोय, म्हणून तिथं रिकामं दिसतं. बातमी ती आहे.

चित्राचा एक मोठा प्रिंट तुमच्यासाठी इथल्या शहागंजातून काढून आणला, तोही सोबत पाठवते. तिथले फोटोवाले चाचा गोंधळले. “मॅडम, ये तो पूरा कालाच आया. फिर से निकालूं?” मी म्हणाले, “चाचा, काळाच हवाय.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तुमचीच आठवण झाली.

प्रिंट हातात आला की लगेच बघायचं नाही. आधी डोळे मिटा, शंभर मोजा, मग उघडा. लेण्याच्या दारात पाहुण्यांना हे कोण सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे.

उत्तर नाही आलं तरी मी लिहीत राहणार.

सरिता

*

२ फेब्रुवारी

आबा,

जयभीम.

काल मायचा फोन आला. ती हसतेय की रडतेय ते कळायलाच मला वेळ लागला. म्हणाली, तुम्ही कात्रण तीनदा वाचलंत, ते घेऊन सिल्लोडला गेलात, लॅमिनेशन करून आणलंत आणि धाकट्या राजेंद्रच्या चहाच्या दुकानात चुलीची धग लागणार नाही अशा खिळ्याला टांगलंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाआधी ते वाचायला लावता म्हणे. आणि मायला म्हणालात, “येऊ दे तिला.”

तीन शब्द. दीड वर्षं मी त्यांची वाट बघत होते. आता मान्य करायला हरकत नाही.

सत्काराचंही मायनं सांगितलं. बावीस तारखेला, रविवारी, विहारासमोर मांडव. सरपंच सर्जेराव स्वतः घरी येऊन गेले, आणि त्यांनी तुम्हाला खुर्चीवर बसवून स्वतः उभ्यानं चहा घेतला, हे तिनं मला दोनदा सांगितलं. लेण्यांच्या फाट्यावर, टी-पॉइंटला, फ्लेक्स लागणार, माझा फोटो मोठा, तुमचा कोपऱ्यात गोल चौकटीत.

मला आनंद झाला, आबा. खोटं कशाला सांगू. फोन ठेवल्यावर मी केंद्राच्या जिन्यात बसून होते.

पण फ्लेक्स जरा थांबवता आला तर बघा. सत्कार मार्चअखेरीस ठेवला तर काय बिघडेल? सध्या पोरांच्या परीक्षा आहेत, निम्मं गाव येणार नाही. केंद्रातही काम फार आहे. थोडं तपासायचं राहिलंय, विशेष काही नाही. पेपरात एकदा आलंय, ते कुठं पळून जातंय.

दुसरं एक विचारायचं होतं. मी पहिलीत असेन, तुमच्याबरोबर लेणीत आले होते. लांबून कुणी मोठे साहेब आले होते, भिंतीवरच्या चित्रांची वहीत नोंद करत होते. तुम्ही दारात पत्रा धरला होता. एका चित्रातल्या बाईच्या खांद्यावर काळं काही दिसलं आणि साहेबांनी वहीत लिहिलं, खांद्यावर डाग. तुम्ही तिथूनच म्हणालात, “डाग नाय साहेब, सावली हाय.” त्यांच्याबरोबरच्या गाईडनं तुम्हाला दटावलं. पुढं तुम्ही साहेबांना काहीतरी सांगितलंत आणि करून दाखवलंत. साहेब हसले, त्यांनी वहीतली ओळ खोडली. हे मला पक्कं आठवतं. तुम्ही काय सांगितलं होतंत ते शब्द आठवत नाहीत.

ते नेमके शब्द मला हवेत. कामासाठी. फोनवर बोलायचं नसेल तर राजेंद्रजवळ सांगा.

मायला सांगा, सत्कारासाठी नवी साडी घेऊ नकोस म्हणाव.

सरिता

*

९ फेब्रुवारी

आबा,

राजेंद्रचा फोन आला. म्हणाला, “ताई, लिहून घी. आबा बाजूला उभे हायेत, पर फोन घेईनात.” मग तुम्ही सांगत होता आणि तो मला सांगत होता. मागून तुमचा आवाज येत होता, ते तुमच्या लक्षात आलं नसावं. मी लिहून घेतलं ते असं:

“डाग हाय का सावली, ते नुसतं भिंतीकडं बघून कळत नाय. पत्रा हलवायचा. डाग तिथंच ऱ्हातो. सावली सरकती.”

शेवटी राजेंद्रनं विचारलं, “आबा इचारायलेत, कामासाठी म्हंजी कशासाठी?” त्याला मी काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. उभ्यानं वाचत असाल तर बसा.

बातमी खोटी आहे. ग्रहाचा पत्ता नाही. मला दिसली ती काळी कमान ही सावली आहे.

दहा जानेवारीला, म्हणजे बातमी छापून यायच्या सहा दिवस आधी, मला त्याच ताऱ्याचं सहा वर्षांपूर्वीचं चित्र सापडलं. दुसऱ्याच कुणीतरी काढून ठेवलेलं, संग्रहात पडून होतं. मी ते उघडलं. काळी कमान त्यातही होती, पण भलत्याच जागी. माझ्या चित्रात ती घड्याळातल्या तीनच्या जागी आहे, त्यात ती बाराच्या जागी होती. मी चित्र बंद केलं. स्वतःला सांगितलं, त्यांच्या मोजण्यात काहीतरी गडबड असेल. मग पेपरवाला आला. मी साडी नेसून फोटो काढून घेतला.

तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. ते कात्रण तुमच्या पुढ्यात आपटायची मला घाई झाली होती. एवढ्या एका गोष्टीची मला लाज वाटते. बाकी कशाची नाही.

मग मायचा फोन आला, तुमचे तीन शब्द आले, आणि त्यानंतर ते जुनं चित्र मला बंद ठेवता येईना. रोज उघडायचे. ग्रहानं धूळ खाऊन मोकळी केलेली वाट ताऱ्याभोवती गोल असते. तिचा एकच तुकडा आपल्याला दिसतोय, बाकीची ढगाच्या धुरकटात लपली असेल, असं सरांनी धरलं होतं आणि मीही. पण अशी वाट जिथल्या तिथं राहते. आणि ती कमान ताऱ्यापासून इतकी लांब आहे की तिथल्या धुळीला एक फेरी मारायला दोनशे वर्षं लागतात. सहा वर्षांत तिथलं काहीही पाव चक्कर सरकू शकत नाही. सरकलं ते तिथलं नव्हेच. दिव्याजवळचं काहीतरी सरकलं आणि त्याची सावली लांबच्या धुळीवर फिरली. लेण्याच्या दाराजवळच्या खांबाचा तुटका कंगोरा आणि आत लांब त्या बाईच्या खांद्यावर काळं, अगदी तसं.

दिव्याजवळ काय असेल? माझ्या हिशोबानं ताऱ्याला अगदी लागून धुळीची दुसरी, लहान चकती आहे आणि ती मोठीला तिरकी आहे. ती कशामुळं तिरकी झाली ते मला माहीत नाही. कदाचित तिथं खरंच एखादा ग्रह दडला असेल, कदाचित नसेल. जे दिसलं नाही ते दिसलं म्हणून मी सांगणार नाही.

तुमच्या मनात आता काय येईल ते मला कळतं. मांडव ठरलाय, फ्लेक्स छापायला गेलाय, सर्जेरावांनी उभ्यानं चहा घेतलाय. एवढं झाल्यावर पोरीनं गप्प बसावं, कुणाला आकाशात जाऊन बघायचंय?

तुम्ही तेव्हा का गप्प बसला नाहीत, ते आधी सांगा. त्या साहेबांनी ओळ खोडली, पण गाईडचा पाणउतारा झाला होता. “पत्रेवाल्यानं पत्रा धरावा, तोंड चालवू नाय,” असं तो सगळ्यांदेखत म्हणाला आणि आठ दिवस त्यानं तुम्हाला दाराशी उभं राहू दिलं नाही. माय चिडली होती. साहेबाला डाग वाटला तर वाटू द्यायचा, तुमचं काय जात होतं, म्हणाली. मी चुलीजवळ बसून भाकरी खात होते. तुम्ही म्हणालात, “सावली व्हती म्हणून सावली म्हणलं.” आणि जेवायला बसलात.

तुम्ही विसरला असाल. मी त्या वाक्यावर वाढलेय. आता ते वाक्य मीच बोलले म्हणून तुम्हाला माझ्यावर रागवता यायचं नाही. रागवायचंच असेल तर आधी स्वतःवर रागवा.

उद्या सरांना सांगणार आहे.

सरिता

*

२० फेब्रुवारी

आबा,

जयभीम. झालं ते क्रमानं सांगते, कारण गावात ते उलटंसुलटं पोचलं असणार.

दहा तारखेला मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि सरांना बोलावलं. सर वाईट माणूस नाहीत, हे मायला मुद्दाम सांगा. मला पहिलं चित्र वाचायला त्यांनी शिकवलं, मी डबा आणला नाही तर अर्धा डबा पुढं सरकवला. दोन वर्षांनी ते निवृत्त होतील. आमचं केंद्र लहान, इथून एवढी मोठी बातमी कधी गेलीच नव्हती. म्हणून तर त्यांनी माझी तपासणी पुरी व्हायच्या आत पेपरवाल्याला बोलावलं. त्यांना कमान सावलीची आहे हे कळलं. कळल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला ते मला पुन्हा बघायला आवडणार नाही.

ते म्हणाले, “सरिता, सावलीची बातमी होत नाही.”

मी म्हणाले, “मग बातमी नको, सर.”

“शोधनिबंध गेलाय. त्यावर तुझं नाव पहिलं आहे. दोन-तीन महिने जाऊ देत. मग एखाद्या तळटीपेत दुरुस्ती देऊ. कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

माझ्या खोलीत हिमांशू नावाचा मुलगा बसतो, तोही याच ढगांवर काम करतो. त्याचंही तेच म्हणणं पडलं. थोडं थांब, एवढी घाई कशाला, तुझंच नुकसान होईल. तो भल्यासाठीच सांगत होता. पण तिकडं बावीस तारखेला तुमच्या गळ्यात हार पडणार होता, आणि तो हार मला आधीच माहीत असलेल्या खोटेपणाचा होता. मी जाहीरपणे घातलेली टोपी तुम्ही गावभर मिरवायची, हे मला पटेना. मी संपादकांना पत्र लिहिलं की माझा निष्कर्ष चुकला, निबंध मागे घ्यावा. पेपरलाही लिहिलं. पहिली बातमी तिसऱ्या पानावर चौकटीत आली होती. दुरुस्ती सातव्या पानावर, ‘मोटार विकणे आहे’ या जाहिरातीच्या वर, चार ओळींत आली. कात्रण सोबत आहे. हेही लॅमिनेट करा.

सरांनी दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं, “मी आता तुझा मार्गदर्शक राहू शकणार नाही. दुसरा कुणी शोध.” आवाज चढवला नाही. मी तीन वर्षांच्या वह्या पिशवीत भरल्या. दुसरा मार्गदर्शक मिळाला नाही तर पीएचडी इथंच थांबेल. तलाठ्याची जागा तर कधीच भरली. म्हणजे तुमच्या भाषेत दोन्ही खुर्च्या गेल्या.

काल मायशी बोलले. सत्कार रद्द झाला. सर्जेराव म्हणाले, आधी हसं करून घ्यायचं आणि मग आमच्या तोंडावर मारायचं, हे कसलं शिक्षण. दुकानात कुणी म्हणालं, “लई शिकली पोरगी, बापालाच तोंडघशी पाडलं.” माझं नऊ तारखेचं पत्र तुम्ही वाचलंत आणि कात्रण खिळ्यावरून काढलंत. माय म्हणाली, “तू एक डाव येऊन पाया पड, राग जाईल त्यांचा.”

मी येणार नाही आणि पाया पडणार नाही. मी चूक केली ती जानेवारीत, आणि तिची कबुली तुम्हाला आणि सगळ्या जिल्ह्याला दिली आहे. फेब्रुवारीत मी केलं ते बरोबर केलं. बरोबर केल्याबद्दल माफी मागायची रीत आपल्या घरात नव्हती. आता नवी पडली असेल तर मला कळवा, म्हणजे मी पुन्हा लिहिण्याची तसदी देणार नाही.

दीड वर्ष तुमच्याशिवाय राहिले. जमलं, पण बरं गेलं नाही. तुम्ही पुन्हा बोलणं टाकलंत तर मला फार लागेल, आणि तरीही ती सावलीच राहील.

सरिता

*

१ मार्च

आबा,

सप्रेम जयभीम.

आधी थोडं इकडचं. मी निबंध नव्यानं लिहिला, सावलीचा. दोन चित्रं, कमान किती सरकली ते मोजमाप, आणि आतल्या तिरक्या चकतीचा अंदाज. मार्गदर्शक नाही, म्हणून कच्चा मसुदा हिमांशूला वाचायला दिला. चार दिवसांनी मसुदा परत आला, त्यावर पेन्सिलीनं एक ओळ: ‘पान ४, कोन पुन्हा मोज.’ अक्षर सरांचं. खाली सही नाही, बाकी एक शब्द नाही. हिमांशू म्हणतो, मी फक्त सरांच्या टेबलावर विसरलो होतो. मी कोन पुन्हा मोजला. दोन अंशांनी चुकला होता. दुरुस्त केला आणि मसुदा मीसुद्धा सरांच्या टेबलावर विसरून आले. तो अजून परत आलेला नाही. म्हणजे ते वाचतायत.

आता तिकडचं. काल राजेंद्रनं एक फोटो पाठवला. फोटोखाली काही लिहिलं नव्हतं, म्हणून मीच त्याला फोन केला आणि सगळं काढून घेतलं. त्यानं सांगितलं ते तुमच्यापुढंच मांडते, कमी-जास्त असेल तर तुम्ही दुरुस्त करा.

सत्कार रद्द झाला तरी फ्लेक्स आधीच लागला होता, टी-पॉइंटवर, अजिंठ्याकडं वळणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. ‘जन्म घेणारा ग्रह शोधणाऱ्या आमच्या कन्या सरिता कडुबा हिवराळे यांचे हार्दिक अभिनंदन’. सर्जेराव दोन माणसं घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, “कडुबा, उतरवून टाकतो तो फ्लेक्स. लोकं हसायलेत.” तुम्ही म्हणालात, “उद्याच्याला बघू.” दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही राजेंद्रला शिडी धरायला लावलीत. सत्तरीच्या माणसानं शिडीवर चढू नये हे त्यानं तुम्हाला सांगितलं, ते तुम्ही ऐकलं नाहीत. पांढऱ्या रंगाचा डबा आणि तांबड्या रंगाचा डबा, दोन्ही विहाराच्या रंगकामातले उरलेले. ‘जन्म घेणारा ग्रह’ एवढे शब्द तुम्ही पांढऱ्यानं पुसलेत. ते वाळेपर्यंत खाली बसून माझं नऊ तारखेचं पत्र पुन्हा काढून वाचलंत. मग वर चढून तांबड्यानं एकच शब्द लिहिलात: ‘सावली’. जागा तीन शब्दांची होती, म्हणून अक्षरं वीत-वीतभर झाली आहेत.

सर्जेराव पुन्हा आले. म्हणाले, “आता हे काय नवीन?”

राजेंद्र म्हणतो, तुम्ही शिडीवरूनच बोललात, खाली न बघता. “हसू द्या त्यायला. माझ्या पोरीनं पत्रा हलवून बघितलं. तुमच्यापैकी कुणी बघितलं व्हतं का?”

मी हे वाक्य फोनवर त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा तो वैतागला.

आबा, त्या साहेबाच्या वहीतली ओळ खोडली गेली तेव्हा तिच्या जागी काय लिहिलं ते कुणी बघितलं नाही. पत्रेवाल्याचं नाव तर कुठंच नाही. माझ्या निबंधाच्या शेवटी आभार मानायची एक जागा असते. तिथं मोठ्या मोठ्या संस्थांची नावं असतात. मी तिथं एक ओळ घातली आहे: ‘सावली ओळखण्याची पद्धत मला कडुबा हिवराळे, फर्दापूर, यांनी शिकवली.’ संपादकांनी ती काढायला सांगितली तर मी काढणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

येत्या रविवारी, आठ तारखेला, सकाळी सातच्या बसनं निघते. टी-पॉइंटला उतरून आधी त्या फ्लेक्सखाली उभी राहणार आहे, मग घरी. उंबऱ्याचं मी विचारणार नाही, सरळ ओलांडणार आहे. पत्रा माळ्यावर असेल तर काढून पुसून ठेवा. दुपारी ऊन दारात आलं की मला तो कसा धरायचा ते दाखवा. इतकी वर्षं मी आतूनच बघत आले, तुमच्या बाजूला कधी उभीच राहिले नाही.

मायला म्हणाव, साडी घेतली असेल तर नेसून ये टी-पॉइंटवर.

आणि मी येईपर्यंत तो फ्लेक्स कुणालाही उतरवू देऊ नका.

तुमची,
सरिता कडुबा हिवराळे